अकरा घरांचा लॉट

सुरुवातीलाच माफी मागतो. माणसांबद्दल लिहावं एवढं माझं वय नाही आणि तेवढा अभ्यासही नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही. बाबा अंगठा लावतात आणि आईवर तीही वेळ कधी आली नाही. त्यामुळे कागद समोर घेतला की मला दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरल्यासारखं वाटतं. ज्यांच्याबद्दल लिहितो आहे त्यांना विचारलेलंही नाही. विचारलं असतं तर ते म्हणाले असते, लिही, पण लांबवू नको. म्हणून लिहितो. जास्तीचं काही आलं तर वाचणाऱ्यांनी तेवढं कापून घ्यावं.

त्यांचं नाव इथे देत नाही. आलापल्लीत त्यांना नावाने हाक मारणारं कोणी उरलंही नव्हतं. हिंदू असो, मुसलमान असो, माडिया असो, सगळे त्यांना चाचाच म्हणत. मी बी.ए.ची तीन वर्षं त्यांच्या घरी भाड्याने राहिलो.

चाचांची सगळी नोकरी लाकूड डेपोत गेली. जंगलातून आलेल्या सागाच्या लठ्ठ्याचं माप घ्यायचं, हे त्यांचं काम. लठ्ठ्याच्या मधोमध टेप गुंडाळायची, लांबी घ्यायची, आणि मग दोन्ही तोंडं ठोकून पाहायची. आतून पोकळ असेल तर ती पोकळी मोजून मापातून वजा करायची. घेणाऱ्याने पैसे द्यायचे ते भरीव लाकडाचे, हवेचे नाही. हे नियमाचं होतं, सगळेच मापवाले करत. पण बाकीच्यांनी ते डेपोच्या फाटकाशी ठेवून घरी जायचं शिकून घेतलं होतं. चाचांना ते जमलं नाही. ते सगळंच ठोकून पाहत. टरबूज, दाराची चौकट, नवीन मडकं, पाहुण्यांनी आणलेला मिठाईचा डबा. मटणाच्या दुकानात ते दिसले की दुकानदार त्यांनी सांगायच्या आधीच वजनातलं हाडूक बाजूला काढून ठेवायचा.

खोली पाहायला गेलो तेव्हा बाबा सोबत होते. बाबांनी भाडं विचारलं, चाचांनी सांगितलं आणि बाबा लगेच हो म्हणाले. बाबा सगळ्यांनाच लगेच हो म्हणतात. चाचांनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग उठले आणि बोटाच्या सांध्याने खोलीची मागची भिंत ठोकली.

"आवाज ऐकला?"

बाबांना काही कळलं नाही. ते म्हणाले, "चांगली हाय जी."

"चांगली कुठी हाय? अंदरून फुगली हाय. पावसात ओल येईन. तुमी काऊन नाई बोलले?"

"चालते जी."

"चालते कसं? पन्नास रुपये कमी करा म्हणा."

बाबा काही तसं म्हणेनात. ते नुसते पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिले. शेवटी चाचांनीच आपलं भाडं पन्नास रुपयांनी कमी केलं आणि वर बाबांवर रागावले. म्हणाले, तुमच्यासारख्या गिऱ्हाइकाच्या पायी चांगला माणूस बेईमान होते.

बाबांचं सांगायला हवं. आमचं गाव प्राणहितेच्या काठाला. बाबा गावच्या तलावात आणि नदीत मासे धरतात. मासे घ्यायला येणारा व्यापारी वजन करतो आणि ओल्या मासळीत पाणी असतं म्हणून दर पाच किलोमागे अर्धा किलो कापून घेतो. मी लहानपणापासून हे पाहत आलो. तो काही वाईट माणूस नव्हता. दिवाळीला आम्हाला पेढेही द्यायचा. मी हे चाचांना एकदा सहज सांगितलं, तर त्यांच्या हातातला कप तसाच राहिला.

"मासा पान्यात राह्यते, तं ओला नाई राह्यनार का? अन् विकताना तो व्यापारी लोकाइले पानी काढून देते का?"

मी म्हणालो, ते माहीत नाही.

"इचारलं का कोनी?"

कोणी विचारलं नव्हतं. त्यांचा माझ्याबद्दलचा राग तिथूनच सुरू झाला असावा. राग म्हणजे काय, त्यांनी माझं शिक्षण हातात घेतलं. पहिल्या वर्षी मला अठ्ठावन्न टक्के मिळाले. मी पेढे घेऊन गेलो. त्यांनी पेढा खाल्ला आणि विचारलं, हाच पेपर उद्या पुन्हा घेतला तर किती मिळतील? मी खरं सांगितलं, चाळीसच्या आसपास. "मंग लोकाइले चाळीस सांग," ते म्हणाले. तेव्हा मला फार वाईट वाटलं. पण माणूस तोलताना ते एवढे कडक नव्हते. माणसाचं माप मधात घ्यावं, असं ते म्हणत. बुंध्याशी घेतलं तर जास्त भरतं, शेंड्याशी घेतलं तर कमी. कोणाला त्याच्या सगळ्यात चांगल्या किंवा सगळ्यात वाईट दिवसावरून मोजू नये, असा त्याचा अर्थ मी घेतला. त्यांनी अर्थ कधी सांगितला नाही.

आता टीव्हीचं सांगतो. त्यासाठीच मुळात लिहायला बसलो.

चाचींचे गुडघे गेले होते. पलंगावरून मोरीपर्यंत आणि मोरीपासून पलंगापर्यंत, एवढंच त्यांचं चालणं उरलं होतं. मुलगी सासरी, कागजनगरला. त्यामुळे चाचींचा दिवस टीव्हीसमोर जायचा. आधी केबल होती, पण तिची तार सागाच्या झाडांवरून आलेली. वानरं तिला लोंबकळत आणि चित्र जायचं. मग गावात डिशच्या छत्र्या येऊ लागल्या, तेव्हा चाचांनी चौकातल्या मोबाइलच्या दुकानदाराकडून एक छत्री बसवून घेतली. महिन्याला दोनशे दहा रुपये. त्यापेक्षा स्वस्तातही होतं, पण त्यात चाचींचा चॅनेल नव्हता.

चाचींचा चॅनेल म्हणजे समुद्राचा. त्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. सिरोंचाच्या पलीकडे त्या गेल्या नव्हत्या. पण पाण्याखालचे मासे, खडक, हलणाऱ्या वनस्पती असं काही लागलं की त्यांचं दुखणं थांबायचं. मी मासेमाऱ्याचा मुलगा, म्हणून मला हाक मारायच्या.

"बेटा, हा कोन्ता होय?"

मला काय माहीत असणार. मला मरळ, बोध, शिंगाडा, रोहू एवढेच ठाऊक. मी तसं सांगायचो. त्या म्हणायच्या, इतका रंगीत मासा हाय, पण खायचा कसा ते कोनी सांगत नाई, मंग कायचा फायदा. तरी पाहत राहायच्या.

माझ्या तिसऱ्या वर्षी छत्रीचा पहिला पावसाळा आला आणि चित्र जायला लागलं. ढग दाटले की पडद्यावर निळी पट्टी यायची, सिग्नल उपलब्ध नाही. आमच्याकडे ढग दाटतात ते चार-चार दिवस हटत नाहीत. गल्लीतल्या टेलरभाऊंनी थट्टा केली की चाचा, नाव छत्री अन् पाऊस आला की हीच सगळ्यात आधी लपून बसते. चाचा हसले नाहीत. त्यांनी छत्रीकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं आणि टीव्हीच्या पेटीवर बोटाचा सांधा ठोकला.

"हा महिना अर्धा पोकळ हाय," ते म्हणाले.

मग कंपनीला फोन करायचं ठरलं. आमच्या गल्लीत नेटवर्क फक्त हातपंपाजवळ यायचं, म्हणून आम्ही तिथे जाऊन उभे राहिलो. नंबर मी लावला, बोलायचंही मीच होतं, कारण मी कॉलेजात होतो. पलीकडून एक मुलगी हिंदीत बोलली. मी नमस्ते मॅडम म्हणालो आणि पुन्हा एकदा नमस्ते मॅडमच म्हणालो. पाणी भरायला आलेल्या दोघी माझ्याकडे पाहत होत्या. ती मुलगी हॅलो हॅलो करत होती. मी म्हणालो, काही नाही मॅडम, सगळं ठीक आहे.

चाचांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"बेटा, तुमारे उधर बारिश है क्या?"

ती म्हणाली, नाही.

"इधर है. तीन दिन से टीवी बंद है. तो ये तीन दिन के पैसे किस चीज के?"

तिने थांबायला सांगितलं. बराच वेळ फोनमध्ये गाणं वाजलं. मग ती म्हणाली की दर पूर्ण देशात एकच आहे, बदलता येत नाही.

"पूरे देश में सागवान एक भाव बिकता क्या?"

सागवानाचं तिला माहीत नव्हतं. मग चाचांनी तिला ते सांगितलं. आलापल्लीचा साग कसा, बल्लारशाच्या डेपोत त्याच लठ्ठ्याला भाव वेगळा का, पोकळी कशी मोजतात, सगळं. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, आपकी शिकायत दर्ज कर ली है, सर. चाचांनी तिला जेवण झालं का ते विचारलं आणि फोन ठेवला. परत येताना म्हणाले, पोरगी चांगली हाय, तिच्या वरचा साहेब पोकळ हाय. मला ते रागावले नाहीत. मात्र दुसऱ्या दिवसापासून बाजारात त्यांनी मला पुढे उभं करायला सुरुवात केली. वांगी मी घ्यायची, भाव मी विचारायचा, आणि पहिल्या भावाला हो म्हणायचं नाही. मला घाम यायचा. ते चार पावलं मागे उभे राहून दुसरीकडे पाहत.

तक्रारीचं काही झालं नाही. तेवढ्यात दुसऱ्या एका कंपनीचा डीलर अहेरीहून मोटारसायकलवर येऊ लागला. तरणा, बोलका मुलगा. त्याची छत्री घ्या, भाव तोच, पण एक चॅनेल जास्त. सगळ्यांना वाटलं, चाचा कंपनी बदलतील. चाचांनी वेगळंच केलं. ते आमच्या गल्लीतल्या घरोघरी गेले. गल्लीत अकरा घरांवर छत्र्या होत्या, सगळ्या जुन्या कंपनीच्या आणि सगळ्या पावसात मरणाऱ्या. त्यांनी सगळ्यांना एकच गोष्ट सांगितली. एकटा माणूस बोलला तर ती तक्रार असते. अकरा घरं बोलली तर तो लॉट होतो.

रविवारी सकाळी त्यांच्या अंगणात लिलाव झाला. मी लिलाव म्हणतो कारण तो लिलावच होता. लोक खुर्च्या, बाजा घेऊन आले होते. चौकातला दुकानदार आला, अहेरीचा डीलरही आला. अकरा घरं म्हटल्यावर दोघांनाही यावं लागलं. अंगणात एक जुना सागाचा बुंधा होता, त्यावर चाचा उभे राहिले.

"माल अकरा घरं," ते म्हणाले. "लॉट एक. लॉट फुटनार नाई. आठ महिने भाव पूरा, दोनशे दहा. पावसाळ्याचे चार महिने भाव कमी. किती कमी, ते तुमी बोला. बोली खाली जाईन, वर नाई."

दोघे हसले. दुकानदार म्हणाला, चाचा, असा कुठी भाव होते का. डीलर मात्र हसता हसता मोजत होता. तो म्हणाला, एकशे ऐंशी. दुकानदाराचं हसू गेलं. त्याने एकशे सत्तर म्हटलं. मग ते सुरूच झालं. एकशे साठला दुकानदाराने घाम पुसला. एकशे चाळीसला म्हणाला, इतक्यात तं मले दुकान विकावं लागन. टेलरभाऊ मागून म्हणाले, मंग कपडे शिवाले या माह्याकडे, अन् सगळी गल्ली हसली. शेवटी डीलर एकशे पाचवर आला. बरोबर अर्धा भाव.

चाचांनी तीन वेळा विचारलं. बोली डीलरच्या नावावर लागली.

आणि इथे चाचांनी एक चूक केली. टेलरभाऊ म्हणाले, आत्ताच लिहून घ्या चाचा, तवा गरम हाय तवर. गल्लीतले सगळे तेच म्हणाले. बाजारात बसणारा कोणीही माणूस तेच करेल. पण चाचा बाजारात बसले नव्हते. डेपोत बोली लागली म्हणजे माल विकला असं होत नाही. ती बोली वर जाते, साहेब मंजुरी देतो, तोवर लठ्ठा जागचा हलत नाही. सगळ्या नोकरीत चाचांनी मंजुरीआधी एकही लठ्ठा फाटकाबाहेर जाऊ दिला नव्हता. त्यांनी बुंध्यावरूनच जाहीर केलं, की बोली मंजुरीस अधीन आहे, मंजुरीला पंधरा दिवस, आणि तोपर्यंत कोणत्याही घराने जुन्या कंपनीचा रिचार्ज करायचा नाही. डीलरने सुटकेचा निःश्वास सोडला. त्यालाही चंद्रपूरच्या साहेबाला विचारायचंच होतं. लोकांनी माना डोलावल्या.

पंधरा दिवस चौकातल्या दुकानदाराला पुष्कळ होते. तो दुसऱ्याच दिवशी आला, आणि गल्लीच्या तोंडाशी टेलरभाऊंचं घर, म्हणून आधी तिथे गेला. आत्ता रिचार्ज करा, एक महिना फुकट. टेलरभाऊंच्या दुकानात गिऱ्हाईक टीव्हीसाठी बसायचं. त्यांनी केला. मग पुढचं घर, मग त्याच्या पुढचं. दहाव्या दिवशी गल्लीत एकच घर बंद राहिलं. चाचांचं.

ते अंगणात बाजेवर बसून हे सगळं पाहत होते. त्यांनी कोणाला अडवलं नाही. मला फार राग आला. मी म्हणालो, चाचा, तुम्ही त्यांना विचारत का नाही, त्यांनी शब्द दिला होता.

"डेपोतून लठ्ठा चोरी जाते," ते म्हणाले, "त्यात लठ्ठ्याचा काय गुन्हा?"

पंधराव्या दिवशी डीलर आला. त्याचा चेहरा पडला होता. मंजुरी आली नव्हती, चंद्रपूरचा साहेब पाहू म्हणाला होता. गल्लीत काय झालं ते त्याच्याही कानावर गेलं असणार. चाचा म्हणाले, येईन, वेळ लागते. तो म्हणाला, चाचा, ही सरकारी कंपनी नाई. चाचा म्हणाले, मंजुरी मंजुरीच राह्यते, तुमी तुमच्या साहेबाले अकरा घरं सांगून ठेवा.

इकडे चाचींचा पडदा काळा पडला होता. दहा घरांतून टीव्हीचे आवाज यायचे आणि चाची त्या काळ्या पडद्यासमोर तशाच बसायच्या, तोंड तिकडेच करून. त्यांनी तक्रार केली नाही. पण त्यांचे गुडघे पुन्हा दुखायला लागले होते, हे मला त्यांच्या उठण्यावरून कळत होतं.

मग एका दुपारी चौकातला दुकानदार घरी आला. सरळ आत येऊन खुर्चीवर बसला. म्हणाला, चाचा, झालं गेलं जाऊ द्या, तुमाले एक वरीस फुकट देतो. वरचा पॅक, चाचीचा समुद्र सगळा त्यात. फक्त त्या अहेरीवाल्याले सांगा, लिलाव रद्द झाला.

मी दारात उभा होतो. चाचांनी काही ठोकलं नाही, काही मोजलं नाही. ते चाचींकडे पाहत होते. मग अगदी हळू, मला ऐकू येऊ नये असं म्हणाले, "ले लूं क्या?"

चाची दुकानदाराकडे वळल्या.

"वरीसभर फुकट?"

"हो चाची."

"अन् टेलरले किती देल्लं?"

"त्याले एक महिना."

"मंग त्याच्यात अन् माह्यात अकरा महिन्याचा फरक काऊन?"

दुकानदार हसला. म्हणाला, चाची, तुमी मोठे लोक.

"मोठी नाई, मी महाग हाय," चाची म्हणाल्या. "तुमाले लिलाव मोडाचा हाय, त्याचे पैसे देऊन राह्यले तुमी, टीव्हीचे नाई." मग त्या चाचांकडे वळल्या. "सारी जिंदगी लोकाइचं माप घेतलं. आज आपलं देऊन राह्यले का?"

चाचा खाली पाहत होते. चाचींनी पुन्हा दुकानदाराला सांगितलं की समुद्र कुठी पळून नाई चालला, इतके दिवस होता तसाच राह्यन, च्या मांडला हाय तो पिऊन जा. तो चहा न पिताच गेला. त्याचा चहा मला मिळाला.

त्या संध्याकाळी चाचींनी मला हाक मारली. टीव्हीकडे तोंड करूनच बसल्या होत्या. म्हणाल्या, तुह्या तलावातलं सांग. मी काय सांगणार, म्हणालो. मग सांगायला लागलो. मरळ आपल्या पिल्लांचा गोळा कसा राखत फिरते आणि त्यात हात घातला तर कशी अंगावर येते. उन्हाळ्यात तलाव आटला की ती चिखलात शिरून कशी जिवंत राहते आणि बाबा भेगांवरून कसं ओळखतात. हातपंपाजवळ ज्याला तीन वाक्यं बोलता आली नव्हती, तो मी तासभर बोलत होतो. चाची मधूनच विचारत, मंग? चाचा बाहेर बाजेवर होते. ऐकत असावेत, कारण एकदा आतमध्ये आवाज देऊन त्यांनी विचारलं, ती मरळ किती लांब होती, खरं सांग. मी खरं सांगितलं. पुढे रोजच असं होऊ लागलं. तलाव संपला तेव्हा मी नदी सांगितली.

पावसाळा गेला, मंजुरी आली नाही. चाचींनी माझ्याकरवी छत्री भिंतीवरून काढून घेतली आणि अंगणात उताणी ठेवून तीत मिरच्या वाळत घालायला लावल्या. जाणारे येणारे हसत. चाची म्हणत, आता कुठी ती पूरी कामाले आली.

दिवाळीला मी गावी गेलो. व्यापारी आला, त्याने तराजू लावला आणि नेहमीसारखं पाण्याचं कापायला निघाला. मी म्हणालो की टोपली अर्धा तास टांगून ठेवू, पाणी गळू द्या, मग वजन करा आणि मग कापू नका. बाबा माझा शर्ट मागून ओढत होते. व्यापाऱ्याने माझ्याकडे नीट पाहिलं. बरीच घासाघीस झाली. शेवटी पाच किलोला अर्ध्याऐवजी पाव किलो कापायचं ठरलं. बाबा दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. त्या वर्षी पेढे आले नाहीत. पण संध्याकाळी आईला सांगताना मी ऐकलं, ते माझी नक्कल करत होते आणि हसत होते. हे मी चाचांना सांगितलं तर ते म्हणाले, पाव किलो तरी काऊन?

उन्हाळ्यात माझी परीक्षा झाली आणि मी आलापल्ली सोडली. निघताना चाचांनी माझी ट्रंक उचलून पाहिली, झाकण ठोकलं आणि आत पुस्तकं कमी आहेत म्हणाले. घरातला पडदा तेव्हाही काळाच होता. गडचिरोलीला एम.ए.ला नाव घातलं, होस्टेल मिळालं. मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा चाचांना विचारलं, मंजुरी आली का, आणि दोन्ही वेळा ते म्हणाले, वर गेली हाय.

परवा दुपारी टेलरभाऊंचा फोन आला. त्यांनी मला कधी फोन केला नव्हता. मी घाबरलो, म्हणालो, चाचा बरे आहेत ना? ते म्हणाले, बरे हायेत, त्याइले काय होते. मग बराच वेळ इकडचं तिकडचं विचारत राहिले. अभ्यास कसा आहे, मेसचं जेवण कसं आहे. त्यांना काहीतरी सांगायचं होतं आणि सुरुवात सापडत नव्हती.

शेवटी म्हणाले, चंद्रपूरचा साहेब आला होता. जीप घेऊन, त्या अहेरीच्या डीलरसोबत. कंपनीने मंजुरी दिली. पावसाळ्याचे चार महिने एकशे पाच, दरसाल, कागदावर लिहून. समुद्राचा चॅनेल त्यातच. पण साहेबाची एक अट होती, की अकरा घरं पाहिजेत, एक कमी चालणार नाही, आणि ती घरं मी डोळ्याने मोजणार.

"आमाले वाटलं, संपलं आता," टेलरभाऊ म्हणाले. "चाचा सांगतीन, बाकीचे दहा तं दहा दिवसातच फुटले. सांगाले पाह्यजे होतं. आमी तोंड लपवून घरातच बसलो होतो."

मी विचारलं, मग?

चाचांनी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी साहेबाला गल्लीच्या तोंडाशी नेलं आणि पहिलं टेलरभाऊंचं दार ठोकलं. ते बाहेर येईपर्यंत उभे राहिले. साहेबाने विचारलं, तुम्ही या लॉटमध्ये आहात का? टेलरभाऊंनी चाचांकडे पाहिलं. चाचा दुसरीकडे पाहत होते. "मी म्हटलं, हाय," टेलरभाऊ म्हणाले. मग पुढचं दार, मग त्याच्या पुढचं. प्रत्येक दाराशी चाचा घरचा माणूस बाहेर येईपर्यंत थांबले आणि प्रत्येकजण हाय म्हणाला. कोणालाच नाही म्हणता आलं नाही, आणि आता कोणाला म्हणायचंही नव्हतं. दहा झाली.

टेलरभाऊंच्या दुकानात शिलाई मशीन थांबलेलं होतं, म्हणून मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"सोताचं घर," ते म्हणाले, "चाचानं सगळ्यात शेवटी मोजलं."